डायलचा फोन आणि फायबरची लाइन: सदाशिव पेठेतलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गेल्या दिवाळीनंतरचं. फोनच्या मालकीणबाई सदाशिव पेठेत राहतात, वय सत्त्याहत्तर. त्यांचं नाव, गल्ली आणि नंबर देत नाही; बाकी घडलं तसं लिहितो. मी त्यांना काकू म्हणतो, इथेही काकूच म्हणेन.

मी जुने रेडिओ, टेपरेकॉर्डर आणि फोन दुरुस्त करतो. नारायण पेठेत एका बोळात माझं छोटं दुकान आहे. एका संध्याकाळी काकूंचा पुतण्या कापडी पिशवीतून फोन घेऊन आला. काळा, जड, आयटीआयचा, सत्तरच्या दशकातला. आयटीआय म्हणजे १९४८ साली बेंगळुरूत सुरू झालेला सरकारी कारखाना. त्या काळी फोन सरकारच्या टेलिफोन खात्याच्या मालकीचा असायचा आणि आपण भाडं भरायचो. काकूंनी वाड्यातलं कनेक्शन बंद केलं तेव्हा फोन न्यायला कुणी आलंच नाही, म्हणून तो राहिला. पुढे वाडा पाडून तिथे इमारत झाली, काकू तिसऱ्या मजल्यावर राहायला गेल्या आणि फोनही त्यांच्याबरोबर वर गेला.

डायलच्या मधोमध पारदर्शक चकतीखाली गोल कागद होता. त्यावर निळ्या शाईत सहा आकडी नंबर. पुण्याचा कोड ०२१२ होता तेव्हाचा. शाई उडत आली होती, पण प्रत्येक आकडा वाचता येत होता.

पुतण्या म्हणाला, "काकूंना आठवण म्हणून चालू करून हवाय." मी तेच धरून चाललो. या प्रकरणातली पहिली चूक तिथे झाली.

अडचण

नव्या इमारतीत तांब्याची तार आलेलीच नव्हती. लँडलाइन घेतली ती फायबरवर. फायबरच्या बॉक्सला मागे फोनची पिन लावायला जागा असते. बसवायला आलेल्या मुलाने जुन्या फोनच्या वायरीला पिन लावून दिली आणि "हा चालणार नाही, नवीन घ्या" म्हणून तो गेला. पुतण्याने सांगितलेल्या तक्रारी चार होत्या. रिसिव्हर उचलला की टोन येतो, पण नंबर लागत नाही. घंटी वाजत नाही, नुसती घुरघुरते. समोरच्याला आवाज अगदी खोल जातो. आणि डायल परत यायला फार वेळ लावते.

चौथी तक्रार मला टेबलावरच दिसली. शून्याच्या भोकात बोट घालून डायल पूर्ण फिरवून सोडली, तर ती रडतखडत परत आली, शेवटी शेवटी थांबते की काय असं वाटलं. वाड्यात असताना कधीतरी पुतण्याने शिलाई मशीनचं तेल आत सोडलं होतं. तेव्हा डायल छान पळाली असणार. पुढे त्या तेलावर वर्षानुवर्षांची धूळ बसून त्याचा गुळाच्या पाकासारखा चिकट थर झाला होता.

फोन आत काय करतो हे थोडं सांगायला हवं. आपण डायल फिरवतो तेव्हा काहीच जात नाही. ती परत येताना आतल्या दोन पत्त्या उघडतात आणि मिटतात, आणि तेवढ्या वेळा लाइन तुटते, जुळते. एकला एक पल्स, नवाला नऊ, शून्याला दहा. सेकंदाला दहा पल्स हा ठरलेला वेग. नऊ ते अकरापर्यंत चालून जातं. हा वेग आवरायला गव्हर्नर असतो. दोन छोटी वजनं गरागरा फिरतात, बाहेर फेकली जातात आणि एका वाटीच्या आतल्या कडेला घासतात. त्या घासण्यानेच वेग ताब्यात राहतो. म्हणून त्या वाटीत तेल जाता कामा नये. ताजं तेल गेलं तर डायल सुसाट सुटते, वाळलं की रखडते.

पर्याय

फोन उघडण्याआधी मी वहीत चार पर्याय लिहिले. एक, सगळं मूळचंच ठेवून साफ करायचं, लागेल तेवढाच भाग बदलायचा. दोन, जुन्या बाजारातून तसाच दुसरा फोन आणून त्याची डायल, माइक यात बसवायचे. तीन, आतलं सगळं काढून मोबाइलचं सर्किट भरायचं. असं करून देणारे लोक आहेत आणि तसा फोन चालतोही. चार, फक्त घंटी आणि बोलणं दुरुस्त करायचं, डायल शोभेला ठेवायची.

तिसरा मला पसंत नव्हता. पन्नास वर्षं टिकलेली यंत्रणा काढून टाकायची आणि पाच वर्षांत बॅटरी फुगेल असं काहीतरी भरायचं, याला मी दुरुस्ती म्हणत नाही. चौथा पर्याय पुतण्याला पटत होता, कारण स्वस्त आणि लवकर होणारा. "आठवण म्हणून" हवा असेल तर मलाही तो पटला असता. तरीही मी पहिला निवडला आणि दुसरा हाताशी ठेवला. पण ही निवड मी माझ्या आवडीने केली, काकूंना विचारून नाही. ती बरोबर निघाली, त्यात माझी हुशारी नव्हती.

टेबलावरचं काम

आधी वेग मोजला. त्यासाठी मोठं यंत्र लागत नाही. मोबाइल डायलशेजारी ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि शून्य फिरवायचं. मग ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर उघडलं की दहा टकटकींचे दहा उंचवटे दिसतात. पहिल्यापासून दहाव्यापर्यंत नऊ अंतरं, म्हणजे बरोबर वेगाला ०.९ सेकंद. इथे १.४ आले. सेकंदाला साडेसहा पल्ससुद्धा नाहीत.

इथे माझा हात चुकला. साफसफाईच्या आधीच मी गव्हर्नरची स्प्रिंग किंचित ताणली, वेग वाढावा म्हणून. थोडा फरक पडला, म्हणून आणखी ताणली. त्यात अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी डायल उतरवून आयसोप्रोपिल अल्कोहोलने वाटी, वजनं आणि दाते पुसले. कापसाचा बोळा तपकिरी होऊन येत होता, सातव्या बोळ्याला पांढरा आला. पुन्हा मोजलं तर ०.७२ सेकंद, म्हणजे सेकंदाला साडेबारा पल्स! घाणीसाठी केलेली दुरुस्ती घाण गेल्यावर उलटली. स्प्रिंग होती तिथे परत आणायला त्याहून जास्त वेळ लागला, कारण होती कुठे याची खूण मी करून ठेवली नव्हती. शेवटी ०.९२ वर थांबलो. वर्मच्या, म्हणजे गव्हर्नर फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या दांडीच्या, दात्यावर सुईच्या टोकाने घड्याळाचं तेल लावलं, एक थेंबसुद्धा पुरा नाही. वाटी कोरडी.

घंटीचं काम त्या मानाने सोपं. कॉइल ठीक होती, तिच्याबरोबरचा सुमारे २ मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही ठीक होता. हातोडी हलत होती, पण वाट्यांपर्यंत पोचत नव्हती. या घंटीच्या वाट्यांचं भोक मधोमध नसतं, थोडं एका अंगाला असतं, आणि ते मुद्दाम. स्क्रू सैल करून वाटी फिरवली की तिची कड हातोडीच्या जवळ येते किंवा लांब जाते. एक वाटी कधीतरी सैल होऊन फिरली होती. पाव फेरा दिला आणि घंटी खणखणली. दुकानातल्या टेबलावर हा आवाज निघाला की रस्त्यावरचे लोक वळून बघतात. त्या दिवशीही दोघं थांबले.

माइक कार्बनचा. पातळ पडद्यामागे कोळशाचे बारीक कण असतात. आवाजाने पडदा दाबला की कण जवळ येतात, प्रवाह वाढतो. दमटपणाने आणि वयाने कण गोळा होऊन बसतात. तळहातावर हलकेच आपटून ते मोकळे केले, आवाज सुधारला, दोन दिवसांनी पुन्हा बसला. मग रविवारी जुन्या बाजारात गेलो. हा बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. फोन तीन दिसले, त्यातल्या एकाचंच पोट भरलेलं होतं. बाकीच्यांची आतली कॉइल तांब्यासाठी काढून नेलेली. तो एक घेतला. त्याचा माइक काकूंच्या फोनला लावला, आवाज स्वच्छ. त्याची डायल पुडक्यात बांधून ठेवून दिली.

माझ्या दुकानात अजून तांब्याची जुनी लाइन आहे. तिच्यावर फोन लावून स्वतःच्या मोबाइलवर चार कॉल केले. चारही लागले. मी पुतण्याला फोन करून सांगितलं, झालं काम.

काकूंच्या घरी

फोन पोचवायला मी स्वतः गेलो. काकूंनी दार उघडलं तेव्हा त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे थेट पाहिलं नाही, मान थोडी वळवून कडेने पाहिलं. बसल्यावर त्यांनी सांगितलं. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं. मोबाइलच्या काचेवर कुठे बोट ठेवायचं ते कळत नाही. मुलीने मोठ्या बटणांचा फोन आणून दिला होता, तो शेजारीच होता. त्याच्या ५ वर उंच ठिपका असतो आणि त्यावरून खूण धरणारे पुष्कळ जण आहेत. काकूंना ते जमलं नाही. एकदा दाबलं की दोनदा, हेच कळत नाही म्हणाल्या.

मी फोन जोडला. त्या जवळ सरकल्या, डाव्या हाताने फोन धरला, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने बोट अडतं ती धातूची पट्टी शोधली. तिथून मागे एकेक भोक बोटाने चाचपत गेल्या. एक, दोन, तीन, चार. चौथ्यात बोट घातलं आणि फिरवलं. शून्यासाठी उलट टोकाकडून आल्या, पहिलंच भोक. मान वळलेली, नजर खिडकीकडे.

"अहो, मला बघून नाही फिरवायचा," त्या म्हणाल्या, "मोजून फिरवायचा. चाळीस वर्षं मोजलाय."

आठवण म्हणून नाही, रोज वापरायला हवा होता त्यांना फोन. मुलीला कोल्हापूरला लावायला, डॉक्टरांना, वाण्याला. कुणाला हाक न मारता.

आणि नंबर लागला नाही. डायल नीट परत आली, आतली टकटक नीट, पण कानात टोन तसाच चालू. एक फिरवा, नऊ फिरवा, टोन तुटतच नाही.

खरा दोष

दुकानात चालतो आणि घरी चालत नाही म्हणजे दोष फोनचा नाही, हे कळायला वेळ लागला नाही. सिद्ध करायला मात्र दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागलं. मी माझा नव्वदच्या दशकातला बटणांचा फोन नेला. त्याच्या बुडाला टोन आणि पल्स असा छोटा स्विच असतो. फायबरच्या बॉक्सवर टोन ठेवून बटण दाबलं, नंबर लागला. पल्सवर ठेवून तेच बटण दाबलं, फोन आतून टकटकला आणि काही झालं नाही. या बॉक्सला पल्स कळतच नव्हते. बटणांच्या फोनमध्ये प्रत्येक आकड्याला दोन सूर एकदम जातात, उदाहरणार्थ ५ ला ७७० आणि १३३६ हर्ट्झ. बॉक्स फक्त ते सूर ऐकतो. लाइन तुटणं-जुळणं मोजायचं काम जुनं एक्स्चेंज करायचं, हा बॉक्स करत नाही. तसं करणारे बॉक्स असतात, हा त्यातला नव्हता.

काकूंना एक गोष्ट आठवली. वाड्यात फोनला कुलूप असायचं, डायलच्या भोकात अडकवायचं ते छोटं. मुलं रिसिव्हर ठेवायची बटणं टकटक दाबून नंबर लावायची. ते पल्सच, डायलशिवायचे. कुलूप नावालाच होतं.

आता पुन्हा पर्याय मांडले. तांब्याची लाइन इमारतीत मिळणार नव्हती. पल्स कळणारा दुसरा बॉक्स लावायचा तर फायबरच्या बॉक्समधली फोनची सेटिंग्ज कंपनीच्या ताब्यात, ती बदलून मिळाली नाहीत. सिमकार्डवर चालणारा, फोनची पिन लागणारा बॉक्स घेता आला असता. पण नंबर बदलला असता आणि तो पल्स घेईल याची खात्री विकणारा देत नव्हता. उरली एक छोटी डबी. फोन आणि लाइन यांच्यामध्ये ती लावायची. फोनकडून आलेले पल्स ती मोजते, मधे थांबा आला की आकडा पुरा झाला असं समजते आणि तो सुरांत करून पुढे पाठवते. वेगळी वीज लागत नाही, लाइनवरच चालते. फोनच्या आत बसवायच्या डब्याही मिळतात, पण त्यासाठी आतल्या जोडण्या कापाव्या लागतात. बाहेर लावायची घेतली. कधी तांब्याच्या लाइनवर फोन लावायची वेळ आलीच तर पिन काढली की झालं.

डबी यायला तीन आठवडे लागले. मधल्या काळात काय करायचं हा प्रश्न होता. फोन दुकानात परत नेला असता तर सोपं होतं. काकू म्हणाल्या, राहू दे, आलेला फोन तरी घेईन. म्हणून मोठ्या बटणांचा आणि हा, दोन्ही एकाच जोडणीवर लावून ठेवले. घंटी वाजायची ती जुन्याची.

शून्याचा त्रास

डबी लावली, पहिला फोन कोल्हापूरला लागला. दोन दिवसांनी काकूंचा निरोप आला की पाचातला एखादा कॉल लागत नाही.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करायचा तर आधी शून्य लावावं लागतं. म्हणजे काकूंचा जवळजवळ प्रत्येक नंबर शून्याने सुरू होतो, आणि शून्याला सगळ्यात जास्त पल्स, दहा. एखादा पल्स गळला की शून्याचे नऊ होतात आणि पुढचं सगळं फुकट. पूर्वी सहा आकडी नंबराला एखादी पत्ती कुरकुरत असली तरी निभावून जायचं. आता अकरा आकडे फिरवायचे आणि पहिलाच सगळ्यात लांब.

रेकॉर्डिंगमध्ये दहा टकटकी बरोबर दिसत होत्या. म्हणजे यंत्रणा ठीक, पण पत्त्यांचा स्पर्श प्रत्येक वेळी स्वच्छ होत नव्हता. मी डायल साफ करताना पत्त्यांमधून अल्कोहोलमध्ये बुडवलेली कागदाची पट्टी एकदाच ओढली होती. पॉलिश पेपर तिथे कधी लावू नये, स्पर्शाच्या बिंदूवरचा थर निघून जातो. पट्टी पुन्हा पुन्हा ओढली, काळी रेघ यायची थांबेपर्यंत. मग काकूंच्या हॉलमध्ये बसून माझ्या मोबाइलवर पन्नास वेळा नंबर फिरवला. त्यांनी दोनदा चहा केला. पन्नासही लागले.

समोरच्याला आवाज मात्र दुकानातल्यापेक्षा कमीच जात होता. कार्बनच्या माइकला प्रवाह लागतो. तांब्याच्या लाइनवर एक्स्चेंज जवळ असेल तर तो भरपूर मिळतो. हे फायबरचे बॉक्स साधारण २० ते २५ मिलिअँपिअर देतात. आतून कण्डेन्सर माइक आणि बाहेरून कार्बनसारखी दिसणारी डबी बसवता येते, त्याने आवाज वाढतो. काकूंनी मुलीला विचारलं, मुलगी म्हणाली ऐकू येतंय नीट. म्हणून तसंच ठेवलं.

एक गोष्ट मी आधीच बोलायला हवी होती, विजेची. तांब्याच्या फोनला घरची वीज लागत नसे. एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर तो चालायचा, लाइट गेली तरी. फायबरच्या बॉक्सची लाइट गेली की फोन मुका. एकट्या राहणाऱ्या, कमी दिसणाऱ्या बाईसाठी ही फोनच्या डायलपेक्षा मोठी गोष्ट. तपकीर गल्लीतून बॉक्सला लागणारी १२ व्होल्टची छोटी बॅटरी आणून जोडली. दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट गेली तेव्हा ती अडीच तास पुरली.

वेगळं काय करता आलं असतं

फोन घरून आला तेव्हा मी घरी जायला हवं होतं. लाइन कुठली, बॉक्स कुठला, हे दहा मिनिटांत कळलं असतं आणि टोन-पल्सच्या स्विचची चाचणी पहिल्याच दिवशी झाली असती. डबी तीन आठवडे आधी मागवता आली असती. तेवढे दिवस काकू परत मोठ्या बटणांवर अवलंबून राहिल्या, याचं मला वाईट वाटतं. काय हवं ते पुतण्याकडून ऐकलं, वापरणाऱ्याकडून ऐकलं नाही. चौथा पर्याय घेतला असता तर शोभेचा फोन देऊन मोकळा झालो असतो आणि काकूंनी कदाचित काही बोललंही नसतं.

चार कॉल करून "झालं काम" म्हणणंही बरोबर नव्हतं. आता मी शून्य निदान तीस वेळा फिरवतो. आणि गव्हर्नरच्या स्प्रिंगला हात लावण्याआधी फोटो काढतो.

आतल्या माइकबद्दल अजून मन द्विधा आहे. पावसाळ्यात कार्बन पुन्हा दमट होईल. तेव्हा काकूंना विचारून ठरवू.

परिणाम

फोन हॉलमधल्या स्टुलावर आहे. डबी स्टुलाच्या खाली चिकटवलीय, झाडताना वायर ओढली जाऊ नये म्हणून. काकू रोज रात्री मुलीला फोन लावतात. अकरा आकडे फिरवायला त्यांना अर्धं मिनिट लागतं. ११२ हा आणीबाणीचा नंबर फिरवायचा सरावही आम्ही फोन न उचलता केला: पट्टीजवळचं पहिलं भोक दोनदा, मग दुसरं एकदा. चारच पल्स, त्यांच्या पाठ आहे.

मधल्या कागदावर नवा नंबर लिहून देऊ का, असं मी विचारलं होतं. त्यांनी त्या पारदर्शक चकतीवर अंगठा फिरवला आणि नको म्हणाल्या. ते अक्षर त्यांच्या यजमानांचं आहे.

जुन्या बाजारातल्या फोनची डायल माझ्या खणात आहे, वरती काकूंच्या नावाची चिठ्ठी. काकूंच्या फोनच्या तळाच्या पत्र्यालाही आतून एक चिठ्ठी चिकटवलीय, माझ्यानंतर जो कोणी उघडेल त्याच्यासाठी. कुठली वायर कुठे, डायलचा वेग ०.९२, माइक दुसऱ्या फोनचा, तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत: वाटीत तेल घालू नये.